उत्तर मिळालं आणि प्रेक्षक उठले : ‘ट्विन पीक्स’चं प्रकरण

मालिका पाहायची राहिली असेल आणि खुनी कोण हे आधी कळायला नको असेल, तर हा लेख सध्या बाजूला ठेवा. सगळं प्रकरण त्या उत्तराभोवतीच आहे.

८ एप्रिल १९९० ला, रविवारी रात्री, अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘ट्विन पीक्स’चा दोन तासांचा पहिला भाग लागला. ३ कोटी ४६ लाख लोकांनी तो पाहिला आणि देशभर एकच प्रश्न फिरू लागला : लॉरा पामरला कोणी मारलं? सात महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, वाहिनीने प्रेक्षकांना उत्तर दिलं. त्यानंतर मालिकेची घसरगुंडी सुरू झाली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती ८९ कार्यक्रमांच्या यादीत ८५व्या क्रमांकावर होती आणि एबीसीने ती बेमुदत थांबवली. पुढे उरलेले भाग दाखवून जूनमध्ये विषय संपवला.

मालिका बनवणाऱ्यांमध्ये हे उदाहरण आजही दिलं जातं : रहस्य लवकर फोडू नका, प्रेक्षक पळतात. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो, कारण तो सांगणारे सहसा उत्तर काय होतं याचा उल्लेखच करत नाहीत. खुनी होता लॉराचा बाप. तिच्यावर वर्षानुवर्षं घरातच अत्याचार करणारा, आणि खुनानंतर गावभर तिच्यासाठी रडत फिरणारा. लोकांनी प्रश्न कोडं म्हणून विचारला होता, उत्तर मात्र एका घराच्या बंद खोलीतून आलं. त्या उत्तरासमोर कसं उभं राहायचं हे प्रेक्षकांना कळलं नाही, वाहिनीला कळलं नाही आणि काही काळ लेखकांनाही कळलं नाही. प्रेक्षक का गेले याचं खरं कारण मला इथे दिसतं.

गाव आणि त्याचं दुःख

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी हे गाव वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ कल्पिलं. चित्रीकरणाच्या जागा स्नोक्वाल्मी, नॉर्थ बेंड या खऱ्या गावांतल्या : २६८ फूट उंचीचा धबधबा, त्याच्या कड्यावरचं हॉटेल, लाकडाची गिरणी, धुक्यातली उंच झाडं. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या लिहिलीय ५१,२०१. मुळात ती ५,१२० असायची होती. एवढ्या लहान गावाची गोष्ट शहरी प्रेक्षक पाहणार नाहीत अशी भीती वाहिनीला वाटली, म्हणून शेवटी एक आकडा वाढवला. पडद्यावर मात्र सगळे सगळ्यांना ओळखतात, पोलीस ठाण्यात टेबलभर डोनट मांडलेले असतात आणि एक बाई लाकडाचा ओंडका कडेवर घेऊन फिरते.

अशा गावात नदीकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एका सतरा वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडतं. एफबीआयचा एजंट डेल कूपर येतो, चेरी पाय (चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि काळ्या कॉफीवर मनापासून प्रेम करतो, आणि जे दिसेल ते टेप रेकॉर्डरवर ‘डायेन’ नावाच्या सहकारी बाईला सांगत राहतो. मालिकेची जी लाडकी प्रतिमा लोकांच्या मनात राहिली ती ही : पाय, कॉफी, घुबडं, लाल पडद्यांची खोली, उलटं बोलणारा बुटका माणूस.

पण पहिला भाग आज पुन्हा पाहिला तर या गमतीजमती त्यात फार थोड्या आहेत. बराचसा वेळ लोक रडतात. प्रेताचे फोटो काढताना हवालदार अँडी रडतो. शाळेत एक बाक रिकामा दिसतो, खिडकीबाहेर एक मुलगी किंचाळत मैदानातून धावत जाते, आणि अजून कोणी काही बोललेलं नसतानाही लॉराच्या मैत्रिणीला सगळं कळतं. ध्वनिक्षेपकावर बातमी सांगताना मुख्याध्यापकांचा बांध फुटतो. लॉराची आई फोनवर नवऱ्याशी बोलत असते. पलीकडे त्याच्यासमोर शेरीफ येऊन उभा राहतो. नवऱ्याच्या हातून रिसीव्हर सुटतो आणि कॅमेरा फोनच्या तारेवरून सावकाश खाली उतरत लोंबकळणाऱ्या रिसीव्हरपर्यंत जातो. त्यातून आईचा आक्रोश ऐकू येत राहतो. पोलीस-मालिकांमध्ये तोवर प्रेत म्हणजे गोष्ट सुरू करण्याचं निमित्त असायचं. इथे तासभर दुसरं काही सुरूच होत नाही.

लॉराचं काम करणारी शेरिल ली सिएटलची. तिला घेतलं होतं ते फक्त प्रेत म्हणून आणि चौकटीतल्या फोटोसाठी. सहलीच्या व्हिडिओचा छोटा तुकडा चित्रित केल्यावर लिंचला ती इतकी आवडली की तिच्यासाठी मॅडी ही लॉराची नात्यातली बहीण कथेत आणली गेली. त्या मॅडीचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

कोडं सोडवणारे

प्रेक्षकांनी मालिकेला जो प्रतिसाद दिला तसा अमेरिकन टीव्हीने त्याआधी क्वचितच पाहिला असेल. गुरुवारी रात्री भाग लागायचा आणि शुक्रवारी कचेऱ्यांमध्ये दुसरा विषय नसायचा. लोक मित्रमंडळी जमवून, पाय आणि कॉफी मांडून मालिका बघायचे. घरोघरी व्हीसीआर आलेले होते; भाग टेप करायचा, दृश्य थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा बघायचं. विद्यापीठांतून संगणकांच्या जाळ्यावर जे थोडे लोक होते त्यांच्यात रोज नवी उपपत्ती मांडली जायची. लॉराच्या नखाखाली ‘आर’ अक्षराचा कपटा सापडला, त्यावरून लोकांनी गावातल्या निम्म्या माणसांना आरोपी केलं.

गंमत म्हणजे ज्या गोष्टींचा ते कीस पाडत होते त्यातल्या काही निव्वळ अपघात होत्या. शवागारातल्या दृश्यात ट्यूबलाइट फडफडते. ती खरोखरच बिघडलेली होती. लिंचने तशीच ठेवली. त्याच दृश्यात कूपर एका कर्मचाऱ्याला बाहेर जायला सांगतो आणि तो भलतंच ऐकून स्वतःचं खरं नाव सांगतो. तेही राहिलं. आणि सगळ्यात मोठा अपघात म्हणजे बॉब, माणसांना झपाटणारा मालिकेतला दुष्ट आत्मा. फ्रँक सिल्व्हा हा सेट सजवणारा माणूस. लॉराच्या खोलीत सामान हलवताना लिंचची नजर त्याच्यावर पडली आणि त्याने त्याला पलंगाच्या पायथ्याशी बसवून एक दृश्य घेतलं, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी आईच्या किंचाळण्याच्या शॉटमध्ये आरशात सिल्व्हाचं प्रतिबिंब आलं. कॅमेरामनच्या मते शॉट वाया गेला होता. लिंचसाठी तिथे मालिकेचा राक्षस जन्माला आला.

म्हणून कोडं सोडवणारे प्रेक्षक चुकत होते असं मी म्हणणार नाही. एका कलाकृतीकडे इतक्या बारकाईने बघणं हा आदरच आहे. पण प्रत्येक गोष्ट पुरावा ठरली की माणूस रडतोय हेही पुरावाच होतं, आणि मग तो का रडतोय हा प्रश्न मागे पडतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मालिकेतच आहे. लॉराच्या दफनाच्या वेळी तिचा बाप लीलंड कोसळतो आणि शवपेटीवर पडतो. पेटी खाली सोडणारं यंत्र बिघडतं, आणि लीलंडसकट ती खाली-वर, खाली-वर होत राहते. बायको ओरडते, निदान हे तरी बिघडवू नकोस. नंतर त्याच भागात गावातल्या हॉटेलात वाढणारी शेली म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना हा प्रसंग करून दाखवते. हातात पेपर नॅपकिनचा डबा धरून ती तो खाली-वर करते आणि सगळे खिदळतात. त्या वसंतात घरोघरी प्रेक्षकही हसले. लीलंडचं ते वागणं, मुलीचा फोटो छातीशी धरून नाचणं, मधूनच गाऊ लागणं, हे सगळं विक्षिप्त गावातला आणखी एक विक्षिप्तपणा म्हणून लोकांनी स्वीकारलं.

मी मालिका पाहिली ती बऱ्याच वर्षांनी, खुनी कोण हे आधी ठाऊक असताना. त्यामुळे मला त्या दफनाच्या दृश्याला हसता आलं नाही. पण ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांचं काय झालं असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. नोव्हेंबरमध्ये त्यांना एकदम कळलं की एप्रिलमध्ये आपण कशाला हसलो होतो.

वाहिनीचा घोर आणि म्हातारा वेटर

पहिलं पर्व २३ मे १९९० ला संपलं, एकूण आठ भागांत. खुनी कळला नाहीच, उलट शेवटच्या मिनिटाला कूपरवर गोळ्या झाडल्या गेल्या. संताप झाला. आपल्याला झुलवलं जातंय असं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने लोकांना वाटू लागलं. उन्हाळाभर चर्चा मात्र वाढतच गेली. १ ऑक्टोबरच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर लिंच झळकला.

३० सप्टेंबरला दुसरं पर्व सुरू झालं. कूपर जमिनीवर रक्तबंबाळ पडलाय. दार उघडतं आणि एक जराजर्जर वेटर गरम दुधाचा पेला घेऊन आत येतो. दूध ठेवतो. फोन जागेवर ठेवतो. बिलावर सही मागतो. कूपर पडल्यापडल्या सही करतो आणि बक्षिसी यात धरलीय का म्हणून विचारतो. म्हातारा अंगठा दाखवून दाराशी जातो, परत येतो, पुन्हा अंगठा दाखवतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. डॉक्टरला बोलवायचं त्याच्या डोक्यातच येत नाही. चार महिने उत्तरासाठी ताटकळलेल्या लोकांसमोर हे मिनिटांमागून मिनिटं चालू राहिलं.

या एका दृश्यावर प्रेक्षक दुभंगले असं मी मानतो. काहींना ते अप्रतिम वाटलं, मलाही वाटतं. काहींनी टीव्ही बंद केला, आणि त्यांचाही मला राग येत नाही. ज्यांना कूपर जिवंत राहतो का एवढंच हवं होतं त्यांच्या दृष्टीने ही थट्टा होती.

एबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख तेव्हा बॉब आयगर होते, जे पुढे डिस्नेचे सर्वोच्च अधिकारी झाले. खुनी जाहीर करा, हा त्यांचा आग्रह होता. लिंचला ते रहस्य कधीच उलगडायचं नव्हतं. फ्रॉस्टचं मत वेगळं होतं, प्रेक्षकांना उत्तर द्यायला हवं असं त्याला वाटत होतं. शेवटी द्यायचं ठरलं. गुप्तता राहावी म्हणून खुनाचं दृश्य वेगवेगळ्या नटांना घेऊन चित्रित केलं गेलं, सेटवरच्या लोकांनाही खरं कोणतं ते कळू नये यासाठी.

१० नोव्हेंबर

तो भाग लिंचने स्वतः दिग्दर्शित केला. पामरांच्या घरात लीलंड आरशासमोर उभा राहतो आणि आरशात बॉब दिसतो. मग तो मॅडीला मारतो, म्हणजे लॉराचाच चेहरा असलेल्या मुलीला. दृश्य लांबलचक आहे, असह्य आहे, आणि त्यात कोडं सुटल्याचं समाधान औषधालाही नाही. बापाने मुलीला मारलं हे नुसतं सांगून लिंच थांबत नाही. तो प्रेक्षकाला ते दुसऱ्यांदा घडताना बघायला लावतो.

त्याच वेळी गावातल्या बारमध्ये कूपर, शेरीफ आणि बाकीचे गाणं ऐकत बसलेले असतात. एक महाकाय माणूस फक्त कूपरला दिसतो आणि म्हणतो, पुन्हा घडतंय. म्हातारा वेटर येऊन कूपरची क्षमा मागतो. कोणालाच काही कळलेलं नसतं, तरी बारमध्ये बसलेली लॉराची मैत्रीण डोना एकाएकी रडू लागते.

इथपर्यंत मालिका प्रामाणिक आहे. १ डिसेंबरच्या भागात लीलंड पकडला जातो आणि मरतो. मरताना बॉब त्याला सोडून जातो, लीलंडला सगळं आठवतं, कूपर त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला धीर देतो. मग पुरुष मंडळी रानात उभी राहून बोलतात : बॉब खरा होता की लीलंडच्या डोक्यातला? त्यावर कूपर विचारतो, बापाने पोटच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारलं यावर विश्वास ठेवणं जास्त सोपं आहे का? हा संवाद मला मालिकेतला सर्वांत धोकादायक वाटतो. प्रश्न खरा आहे, पण तो सगळ्यांना पळवाट देतो. भूत होतं म्हणा आणि मोकळे व्हा.

आणि पुढच्याच भागात, ८ डिसेंबरला, मालिका खरोखरच मोकळी झाली. लीलंडच्या अंत्यविधीनंतर पामरांच्या घरी गाव जमलंय. मुलगी गेली, नवरा गेला आणि तोच मुलीचा खुनी निघाला, अशी बाई त्या घरात बसलीय. कॅमेरा मात्र दोन म्हाताऱ्या भावांचं भांडण दाखवण्यात रमलाय, पाहुणे हसताहेत, खाताहेत. पहिल्या भागात तासभर रडलेलं गाव इथे एका दुपारीत सगळं विसरतं.

तिथून पुढे विनोदी उपकथानकं, एका तरुणाचं कंटाळवाणं प्रेमप्रकरण, मध्यमवयीन बाईला आपण शाळकरी मुलगी आहोत असा झालेला भ्रम. दर शनिवारी रात्री, जेव्हा मालिकेचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असायचा, तेव्हा हे लागायचं. जानेवारीत आखाती युद्धाच्या बातम्यांनी भाग पुढे ढकलले गेले. या कारणांचा वाटा मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण युद्ध नसतं आणि वार बदलला नसता तरी, मालिकेनेच जिच्यासाठी रडणं थांबवलं त्या मुलीसाठी प्रेक्षकांनी का थांबावं?

राहिलेले लोक

सगळे गेले नाहीत. बेमुदत स्थगितीची बातमी येताच ‘कूप’ नावाने चाहत्यांची मोहीम उभी राहिली. कूपरच्या नावाशी जुळेल अशीच संघटनेच्या नावाची आद्याक्षरं बेतली होती. एबीसीकडे हजारो पत्रं गेली आणि मार्चअखेर मालिका परत आली, गुरुवारच्या वेळेवर. १० जून १९९१ चा शेवटचा भाग लिंचने केला. त्यात लाल खोलीत लॉरा कूपरला म्हणते, पंचवीस वर्षांनी भेटू. आणि भाग संपतो तो आरशावर डोकं आपटणाऱ्या, बॉबने झपाटलेल्या कूपरवर. ज्यांनी पत्रं लिहून मालिका वाचवली होती त्यांच्या पदरात हा शेवट पडला.

१९९२ साली लिंचचा ‘ट्विन पीक्स : फायर वॉक विथ मी’ हा चित्रपट आला. त्याची सुरुवातच टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्यांनी होते आणि मग तो टीव्ही फोडला जातो. चेरी पाय नाही, कॉफी जवळजवळ नाही, कूपर थोडासाच. लॉराच्या आयुष्याचे शेवटचे सात दिवस, तिच्या बाजूने. समीक्षकांनी झोडपला, अमेरिकेत तिकीटबारीवर आपटला, मालिकेचे चाहतेही चिडले. त्यांना गावात परत जायचं होतं; लिंच त्यांना त्या घरात घेऊन गेला.

पण एक प्रेक्षकवर्ग असा होता ज्याची प्रतिक्रिया आकड्यांत उमटत नव्हती. घरातल्याच माणसाकडून अत्याचार सोसलेल्या बायका वर्षानुवर्षं शेरिल लीला भेटून या चित्रपटाबद्दल बोलत राहिल्या. तिने मुलाखतींमधून हे सांगितलं आहे. त्यांच्यासाठी बॉब कोडं नव्हता. रोज ज्याच्या हातचं जेवतो, ज्याला बाबा म्हणतो, त्याचा चेहरा रात्री वेगळा होतो, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. आज त्या चित्रपटाकडे समीक्षक नव्याने बघतात, काही जण तर तो लिंचच्या उत्तम कामांत धरतात. माझ्या मते ही वाट या बायकांनी आधी मोकळी केली.

२०१७ साली, शोटाइम वाहिनीवर, मालिका परतली : १८ भाग, सगळे लिंचचे. जुना कूपर परत यावा म्हणून लोक जीव मुठीत धरून बसले आणि लिंचने त्याला सोळाव्या भागापर्यंत भानावर येऊ दिलं नाही. एका भागात बारची फरशी झाडणारा माणूस दोन मिनिटांहून जास्त वेळ झाडतच राहतो. म्हाताऱ्या वेटरची आठवण असलेले लोक ते शांतपणे बघू शकले. शेवटी कूपर काळात मागे जाऊन लॉराला वाचवायला बघतो आणि लॉरासारख्या दिसणाऱ्या एका बाईला पामरांच्या घरी आणतो. दार उघडते ती अनोळखी बाई. इथे पामर कोणी राहत नाहीत, असं ती सांगते. रस्त्यावर कूपर गोंधळून विचारतो, हे साल कोणतं? ती बाई घराकडे बघते आणि किंचाळते. यावर ‘फसवणूक’ आणि ‘यापेक्षा खरा शेवट शक्य नव्हता’ अशा दोन्ही टोकांच्या प्रतिक्रिया आल्या. मी दुसऱ्या बाजूला आहे. कूपरला इतकी वर्षं वाटत होतं की गुन्हा उलगडला की मुलगी परत मिळेल, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही तसंच वाटत होतं.

जानेवारी २०२५ मध्ये लिंच गेला. तेव्हापासून पुष्कळ जण मालिका पहिल्यांदा बघायला घेताहेत, त्यांतले बरेच विचारतात की दुसऱ्या पर्वातले मधले भाग गाळले तर चालतील का. बहुतेक गाळले तरी चालतील. लीलंडच्या अंत्यविधीनंतरचा तो भाग मात्र गाळू नका. त्यात लॉराची आई सारा पामर कुठे बसलीय आणि कॅमेरा किती वेळ तिच्याकडे बघतो, एवढंच पाहा. मग सरळ शेवटच्या भागावर या, त्यानंतर चित्रपट, आणि मग २०१७.